पांढरी किटली, तीच खिडकी आणि तैलरंग

उत्तरखिडकी

गेली चार वर्षं मी एकच वस्तू रंगवते आहे. इनॅमलची पांढरी किटली, काठाला निळी रेघ, कान जरासा वाकलेला. परवा चित्रांची नोंदवही चाळली तर किटलीच्या चित्रांचा आकडा ३१२ निघाला. "अजून किटलीच का?" असं मला इतक्यांनी विचारलंय की एकदा बसून नीट लिहावंसं वाटलं.

चित्रकला मी कुठे शिकलेले नाही. तैलरंगाची ट्यूब पहिल्यांदा हातात घेतली ती ३९ व्या वर्षी. पहिली दोन वर्षं समोर येईल ते रंगवलं. डोंगर, फुलं, फोटोवरून चेहरे, समुद्र. दर वेळी वस्तू नवी, रंग नवे, उजेड वेगळा. प्रत्येक चित्र तासाभरात चिखलाच्या रंगाचं व्हायचं आणि चूक नेमकी कुठे झाली ते कळायचं नाही. रंग चुकला, की आकार, की उजेड बदलला? एकाच वेळी सगळं बदलत असलं की चुकीचा माग काढता येत नाही. मग एके दिवशी ठरवलं की सगळं बांधून टाकायचं आणि एकच गोष्ट मोकळी ठेवायची: माझं बघणं.

तेव्हापासून असं चाललंय. आठ बाय दहा इंचाचा हार्डबोर्ड, त्यावर जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, तीन हात. चार ट्यूब: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा). काळा ठेवतच नाही. सिएना आणि अल्ट्रामरीन एकमेकांत मिसळले की इतका गडद करडा मिळतो की काळ्याची आठवण येत नाही, आणि तो उबदार हवा की थंड ते आपल्या हातात राहतं. खिडकी उत्तरेची, त्यामुळे ऊन सहसा थेट आत येत नाही आणि सावल्या दीड-दोन तास जागच्या जागी राहतात. सकाळचे नव्वद मिनिटं. संपलं की थांबायचं, झालं असो वा नसो.

क्रम ठरलेला. पॅलेटवर रंग डावीकडून उजवीकडे त्याच ओळीत काढायचे. सिएनात जरासं टर्पेंटाइन घालून पातळ रेषेनं किटलीचा मधला अक्ष, मग झाकणाचा लंबगोल, मग पोट, मग चोच. डोळे बारीक करायचे आणि फक्त दोनच भाग बघायचे, उजेडातला आणि सावलीतला. सावली आधी भरायची. पांढरा रंग शेवटी, आणि तोही शुद्ध पांढरा फक्त एका ठिपक्यापुरता.

आता जे सांगायचंय ते. पहिल्या चाळीसेक चित्रांत मी पांढरी किटलीच रंगवत होते. म्हणजे मला ठाऊक होतं की ती पांढरी आहे, म्हणून सावलीतही करड्यात पांढरा घालत सुटायचे. किटली टेबलावर टेकायची नाही, कागदातून कापून चिकटवल्यासारखी दिसायची. वहीत ४३ क्रमांकापुढे एकच ओळ आहे: "सावलीतली किटली टेबलापेक्षा गडद आहे." टेबल तपकिरी लाकडाचं! उजेडात पडलेलं तपकिरी लाकूड हे सावलीतल्या पांढऱ्यापेक्षा फिकं होतं, आणि चाळीस सकाळी तेच समोर असूनही मला दिसलं नव्हतं. त्यानंतर साठाव्याच्या आसपास आणखी एक दिसलं. सावलीच्या बाजूला, अगदी कडेशी, बोटभर रुंदीची उबदार पट्टी. टेबलावरचा उजेड उलटून किटलीच्या पोटावर पडतो, त्याची. सिएना, ऑकर आणि नखाएवढा निळा. ती पट्टी लावली आणि किटली गोल झाली. मी ब्रश खाली ठेवून नुसती बघत बसले होते.

हे कुणी मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी मी मान डोलावली असती आणि दिसलं काहीच नसतं.

करडी_छटा

किती सुंदर लिहिलंय. ती बोटभर पट्टी वाचताना मी उठून घरातला पांढरा कप खिडकीत नेऊन ठेवला. आहे, खरंच आहे!

दोन शंका. तैलरंग वाळायला दिवसचे दिवस लागतात ना? मग रोजचं चित्र रोज कसं? आणि इतके बोर्ड ठेवता कुठे?

उत्तरखिडकी

रोज नाही, आठवड्याला दीड-दोन. ओल्यावर ओला रंग लावत एका बैठकीत संपवते, त्यामुळे मध्ये वाळायची वाट बघावी लागत नाही. चित्र मग फळीवर उभं राहून आपल्या वेळेनं वाळतं. तैलरंग पाण्यासारखा सुकत नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून रंगारंगात फरक पडतो. अंबर या मातकट तपकिरी रंगात मँगनीज असतं, तो एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो. माझा पांढरा पातळ लावला तरी आठवडा घेतो.

जागेचं उत्तर असं की सगळी ३१२ माझ्याकडे नाहीत. साधारण निम्मी त्याच सकाळी पॅलेट नाइफनं खरवडून टाकली. खरवडल्यावर बोर्डवर जो पुसट करडा डाग उरतो तो पुढच्या चित्राला पांढऱ्या जेसोपेक्षा फार चांगला पाया देतो. सुरुवातीला खरवडताना पोटात तुटायचं. आता तो कामाचाच भाग आहे.

एक सांभाळा. वाळत असलेली चित्रं अंधाऱ्या कपाटात कोंडू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. माझे दहा-बारा बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवले होते, सगळे पांढरे लोण्यासारखे झाले. उजेडात आणून ठेवले तेव्हा काही आठवड्यांत पिवळेपणा बराचसा उतरला.

माजी_कलाविद्यार्थी

धागा आवडला, तरीही थोडा विरोध नोंदवतो, कारण विषय जिव्हाळ्याचा आहे.

मी रीतसर शिकलो. आमच्याकडेही एकच प्लास्टरचं डोकं महिनोन्‌महिने काढायला लावत. पण मागून कुणीतरी येऊन खांद्यावरून बोट दाखवायचं, "हा कान वर गेलाय." एकट्यानं तीनशे वेळा तीच गोष्ट केली की चूकही तीनशे वेळा पक्की होते. हाताला वळण लागतं, आणि वळण चांगलं की वाईट हे हाताला कळत नाही. पुनरावृत्ती गुरू नाही. ती फक्त जे आहे ते घट्ट करते.

फ्रेंच चित्रकार मोने आणि इटलीचा मोरांदी यांची उदाहरणं लोक नेहमी देतात, पण ती नीट बघायला हवीत. मोनेनं १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची पंचवीसेक चित्रं केली, त्यात गंज तीच होती आणि उजेड दर वेळी वेगळा. तो मुळात उजेडच रंगवत होता. मोरांदी बोलोन्यात राहून दशकानुदशकं त्याच बाटल्या, तीच भांडी मांडत राहिला, पण मांडणी दर वेळी बोटभर इकडे-तिकडे. दोघांनीही काहीतरी हलतं ठेवलं होतं. तुम्ही वस्तूही बांधली, उजेडही बांधला.

उत्तरखिडकी

तुमचं म्हणणं खरं आहे आणि माझ्याकडे त्याचा पुरावाच आहे.

झाकणाचा लंबगोल मी साठाहून जास्त चित्रांत उजवीकडे झुकलेला काढला. एका सकाळी ब्रश पुसताना समोरच्या आरशात मागचं चित्र दिसलं आणि छातीत धस्स झालं. आरशात ते झाकण घसरून पडायच्या बेतात होतं. मग जुनी सगळी काढून एकेक आरशासमोर धरली. सगळीकडे तोच झुकाव, त्याच बाजूला. चित्र आरशात तपासावं हा सल्ला लिओनार्दोच्या टिपणांत आहे, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं. आता टेबलाशेजारी आरसा कायमचा उभा आहे, आणि महिन्यातून एकदा त्या महिन्याची सगळी चित्रं भिंतीशी ओळीनं लावून दुसऱ्या टोकाहून बघते. एका चित्रात न दिसणारी सवय आठ चित्रांत उघडी पडते. मागून बोट दाखवणारं कुणी नसलं तर त्याची सोय अशी करावी लागते.

पण "तुम्ही सगळंच बांधलंय" हे मला पटत नाही. उत्तरेचा उजेडही रोज तोच नसतो. ढगाळ दिवशी सावलीची कड इतकी मऊ होते की ती कुठे सुरू झाली ते ठरवताच येत नाही. पावसाळी सकाळी टेबलावरून येणारी ती उबदार पट्टी जवळजवळ नाहीशीच होते. एवढं सगळं बांधलेलं असतं म्हणूनच हे फरक कळतात.

बोलका_ब्रश

माजी_कलाविद्यार्थी यांना +१, आणि थोडी भर.

"स्वतः शिकलेला" याचा अर्थ कुणाकडूनच काही न घेतलेला असा होत नाही. राजा रविवर्म्याला तैलरंग शिकवायला कुणी सहजासहजी तयार नव्हतं. थिओडोर जेन्सन हा परदेशी चित्रकार त्रावणकोरच्या दरबारात आला, त्यानं शिकवलं नाही, फक्त काम करताना बघू दिलं. बघून बघूनच रविवर्म्यानं तंत्र उचललं. व्हॅन गॉगनं चित्रकार व्हायचं ठरवलं १८८० मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, आणि पुढे काय केलं? शार्ल बार्गच्या सरावाच्या आकृत्या घेऊन त्या पुन्हा पुन्हा उतरवल्या. दहा वर्षांनी तो गेला. चित्रकार म्हणून सगळी हयात त्या दहा वर्षांत. शेवटच्या वर्षातही तो त्याच आकृत्यांकडे परत वळला होता, हे वाचलं तेव्हा मला फार भरून आलं होतं. इतकी अफाट चित्रं केल्यावरही माणूस पहिल्या धड्याशी जाऊन बसतो.

नवी_पाटी

मी तीन महिने झाले सुरुवात करून. एक लाकडी खोका घेतला रंगवायला. तिसऱ्या वेळीच कंटाळा आला. सगळे म्हणतात चित्र काढताना मन शांत होतं. माझं उलटंच होतं. दिवसभर कामावर आकड्यांशी झुंज, रात्री चित्रासमोर पुन्हा झुंज. ती शांतता कधी येते, खरं सांगा.

तिसरा_हात

नवी_पाटी, माझा अनुभव सांगते. मला चित्र काढताना शांत वाटत नाही. कधीच नाही. चित्र म्हणजे दर मिनिटाला एक निर्णय, आणि त्यातले निम्मे चुकणारे. शांतता आहे ती आजूबाजूच्या कामात.

मी रंग स्वतः घोटते. जाड काच, त्यावर रंगाची पूड, मध्ये खळगा करून थेंब थेंब जवसाचं तेल, आणि सपाट बुडाचा जड काचेचा बत्ता. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत राहायचं. सुरुवातीला करकर ऐकू येते, पूड काचेवर घासल्याची. वीसेक मिनिटांनी ती करकर थांबते आणि बत्ता काचेला चिकटून ओढल्यासारखा चालायला लागतो. आवाज थांबला म्हणजे रंग तयार असं नाही, अजून तेवढंच घोटायचं असतं. ऑकर बरा वागतो, अल्ट्रामरीन तारेसारखा लांबत राहतो, पॅलेटवर उभा राहत नाही. घोटताना तोंडावर मास्क हवाच, सुकी पूड श्वासात जाऊ द्यायची नाही. जॉन रँडनं धातूची दाबायची ट्यूब काढली १८४१ मध्ये. त्याआधी हे घोटणं कुणाला ना कुणाला करावंच लागे, आणि उरलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. ट्यूबमुळे बाहेर जाऊन चित्र काढणं सोपं झालं, ही मोठीच गोष्ट झाली. पण ती चाळीस मिनिटंही गेली. माझं डोकं निवतं ते त्या चाळीस मिनिटांत. नंतर चित्राशी झुंजायला अंगात ताकद असते.

ट्यूबच वापरत असाल तर निदान पॅलेटवर रंग काढल्यावर नाइफनं प्रत्येक रंग दोन मिनिटं मळा. घाई करू नका. आणि शेवटी ब्रश धुणं: आधी कापडाला पुसून, मग साध्या तेलात घोळवून, मग तळहातावर साबण लावून गोल गोल, फेस पांढरा होईपर्यंत.

उत्तरखिडकी

तिसरा_हात, फार नेमकं. माझंही बरंचसं असंच आहे, फक्त एका बाबतीत वेगळं. शंभरेक किटल्यांनंतर चित्र काढतानाही एक प्रकारचा निवांतपणा येऊ लागला. तो चित्र चांगलं होतंय म्हणून येत नाही, वाईट होत असतानाही येतो. मला वाटतं ठरवायच्या गोष्टी संपल्या म्हणून येतो. काय काढू, केवढं काढू, कुठले रंग घेऊ, कधी थांबू, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. नव्वद मिनिटं फक्त एकच प्रश्न असतो: हा तुकडा शेजारच्या तुकड्यापेक्षा फिका की गडद? त्या एका प्रश्नावर मन टेकतं.

नवी_पाटी, तुमच्या खोक्यासाठी: रात्रीच्या दिव्यात काढत असाल तर एकच दिवा ठेवा, एकाच बाजूनं. खोलीतला वरचा दिवा बंद. वीस मिनिटांचा गजर लावा. आणि पहिले दहा दिवस रंगच नकोत, सिएना आणि पांढरा एवढेच दोन. खोक्याच्या तीन बाजू दिसतात, तीन छटा. त्या तीन जमल्या की त्या दिवसाचं काम झालं, उठा. कंटाळा येईल. माझाही पंधराव्या-विसाव्याच्या सुमाराला आला होता, आणि तेव्हा मी किटली बदलली नाही याचं मला आज फार बरं वाटतं.

ओली_चिंधी

विषय थोडा बाजूला नेते, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कुठे टाकू नका. मी वर्षभर तेच करत होते. एका दुपारी खोलीत जळकट वास आला. कचऱ्याच्या डब्यात हात घातला तर चिंध्या गरम, आतून तपकिरी पडलेल्या. वर उत्तरखिडकी यांनी सांगितलंच आहे, तेल ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यात उष्णता बाहेर पडते, आणि गोळ्यात कोंडली की साठत जाऊन चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. काडी, ठिणगी काही लागत नाही. चिंध्या सुट्या करून मोकळ्या हवेत पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. रोज. आणि टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी.

त्या दिवशी मी घरी होते.

उत्तरखिडकी

बाप रे. धन्यवाद, हे धाग्यात सगळ्यांत वर असायला हवं होतं. मी पत्र्याचा डबा वापरते, पण का वापरते ते लिहायचं सुचलं नाही.

माजी_कलाविद्यार्थी

उत्तरखिडकी, आरशाची गोष्ट वाचून माझा विरोध बराच मावळला. एक विचारतो. थर देऊन, आठवडे-महिने चालणारं चित्र कधी केलंत का? एका बैठकीच्या कामात जी खोली येत नाही ती ग्लेझमध्ये, म्हणजे वाळलेल्या रंगावर दिलेल्या पातळ पारदर्शक थरांत, येते.

उत्तरखिडकी

एकदाच, पहिल्या वर्षी, आणि ते फुटलं. गडद पार्श्वभूमी भरपूर तेल घालून जाड लावली होती. आठवड्यानं वरून हाताला कोरडी लागली म्हणून तिच्यावर टर्पेंटाइननं पातळ केलेला पांढरा ओढला. आठ महिन्यांनी त्या पांढऱ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. वरचा थर चटकन वाळून कडक झाला आणि खालचा अजून आत हलतच होता. तेल खालच्या थरात कमी, वरच्यात जास्त, हा नियम मी वाचला होता. पण तो समजला त्या भेगांवरून बोट फिरवलं तेव्हा. ते चित्र जपून ठेवलंय. त्यानंतर धीर झाला नाही, पण आता करावं असं वाटू लागलंय.

बोलका_ब्रश

करा. घाई कशाला. अमूर्त चित्रं करणारे गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास पुरे करायचे. रोलरनं, नाइफनं थर चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे. त्यांच्या चित्रासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा आधी एकच रंग दिसला. दहा मिनिटं तिथेच उभा राहिलो, मग त्या रंगाच्या आतून दुसरा वर यायला लागला.

करडी_छटा

आणि किटली? ती तशीच राहणार?

उत्तरखिडकी

किटली तीच. गेल्या महिन्यात धुताना हातातून निसटली आणि चोचीखाली नाण्याएवढं इनॅमल उडालं. आतलं काळं लोखंड उघडं पडलं. दोन दिवस फार वाईट वाटलं, मग तिसऱ्या दिवशी ती तशीच खिडकीत ठेवून बसले. त्या काळ्या डागाशेजारी सावलीतला पांढरा पहिल्यांदाच मला उजळ दिसला. इतकी वर्षं मी त्याला गडद गडद म्हणत होते.

आज सकाळी ३१३ वी. पहिल्यांदाच झाकण काढून बाजूला ठेवलं. त्यामुळे किटलीचा आतला अंधार समोर आला, आणि तो मला मिळाला नाही. सिएना-अल्ट्रामरीन सारख्या प्रमाणात घेतले तर तो पृष्ठभागावर लावलेल्या डागासारखा दिसतो, आत जात नाही. तीनदा पुसला. नव्वद मिनिटं संपली म्हणून बोर्ड खरवडून ठेवलाय.

माजी_कलाविद्यार्थी

सिएना वाढवा, निळा कमी करा. आतला अंधार उबदार असतो. पांढरा अजिबात नको, रंग पातळ ठेवा, आणि काठाशी जिथे उजेड आत शिरतो तिथली कड बोटानं मऊ करा.

उत्तरखिडकी

पातळ! मी जाड लावत होते. शनिवारी बघते.